सिंगापुरात खोली बघताना

दीपेशने दुसऱ्यांदा बेल वाजवली तेव्हा दार साखळीपुरतंच उघडलं. आतल्या चिनी आजींनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या त्याच्या आईवडिलांकडे, सारिका आणि श्रीपतकडे. सारिकाच्या साडीवर त्यांची नजर जरा रेंगाळली. हळू आवाजात त्या इंग्रजीत काही बोलल्या, ओशाळल्यासारख्या हसल्या, आणि दार लागलं.

तिघे लिफ्टपाशी आले.

"काय बोलली ती?" श्रीपतने विचारलं.

"खोली दुसऱ्याला दिली म्हणाली."

"अरे, पण सकाळी फोनवर तर रिकामी होती!"

"तुम्ही चांगली माणसं दिसता, म्हणाली. पण घरातल्या बाकीच्या भाडेकरूंना इंडियन नको आहेत."

श्रीपतचे कान लाल झाले. बिरवाडीत त्याची स्वतःची दुमजली चाळ होती, कंपन्यांतले कामगार तिथे राहत. त्याला कुणी असं दारातून परत पाठवलं नव्हतं.

"एवढा शिकलेला पोरगा माझा," तो लिफ्टमध्ये म्हणाला, "आन् निसती जात बघून हाकलतात? माणुसकी हाय का नाय यांना?"

श्रीपत आणि सारिका आठवडाभर सिंगापूर बघायला आले होते. नेमकी त्याच वेळी दीपेशची जुनी खोली सोडायची वेळ आली, म्हणून फिरणं आणि घर शोधणं एकत्रच चाललं होतं. सकाळी एकाच रस्त्यावर देऊळ, मशीद आणि चिनी मंदिर बघून श्रीपत हरखून गेला होता. तिन्हींचे फोटो त्याने गावच्या ग्रुपवर टाकले, खाली लिहिलं, 'सगळे एकत्र राहतात. आपण शिकायला पाहिजे.'

इमारतीखालच्या बाकावर ते टेकले तोच श्रीपतच्या धाकट्या भावाचा, महादूचा गावाहून फोन आला. श्रीपतने सवयीने स्पीकर लावला.

"दादा, वरची खोली बघायला माणूस आलाय. केमिकल कंपनीत हाय. बायको आन् छोटी पोरगी."

"नाव काय?"

"बिलाल. महाडच्या रमजानभायचा भाचा. पुरात आपल्याला छपरावरनं उतरवलं ना, त्या रमजानभायचा."

श्रीपतने फोन कानाजवळ नेला, पण स्पीकर बंद करायचं त्याला सुचलं नाही.

"माणसं चांगली हायेत रे," तो म्हणाला. "पण खालचे भाडेकरू काय बोलतील? सांग, खोली दिली म्हणून."

"बिलाल इथंच उभा हाय, दादा."

"मग बाजूला जाऊन बोल ना."

फोन खिशात घालून श्रीपत उठला.

"चल रे. पुढचं घर कुठं हाय?"

दीपेशने पाण्याची बाटली आईच्या हातात दिली.

"तुम्ही हॉटेलवर जा, बाबा. मी एकटा जातो."

"आम्ही येतो की. आईबाप बघून लोकांना बरं वाटतं."

"नको," दीपेश म्हणाला. त्याने वडिलांकडे पाहिलं नाही. सिग्नल हिरवा होताच रस्ता ओलांडून तो गर्दीत दिसेनासा झाला.

श्रीपत सारिकाकडे वळला.

"आपली लाज वाटते काय गो त्याला?"

"त्याचं मला माहीत नाय," सारिका म्हणाली, आणि त्याच्यासाठी न थांबता हॉटेलच्या दिशेने चालू लागली.