माझ्या पात्यावरची राख

मी एक खुरपी बोलते आहे. बागेतली माती उकरायची, लाकडी मुठीची, साधी खुरपी. क्रीडासंघटनेच्या या दालनात, काचेच्या पेटीत माझे काय काम, असे तुम्हाला वाटेल. माझ्या उमेदीच्या काळी धावपटूच्या पायांना टेकू देणारे ठोकळे नव्हते. कोळशाची राख दाबून केलेल्या धावपट्टीवर ज्याने त्याने आपले दोन खड्डे खणायचे, त्यांत पाय रोवून सुटायचे आणि शर्यत संपली की ते स्वतःच बुजवायचे. हा रिवाज कुठे लिहिलेला नव्हता. तरी तो मोडणाऱ्याशी कोणी धड बोलत नसे.

ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो गावात हॉरेस लग यांचे अवजारांचे दुकान होते. तिथे एडना पॅस्को खिळे तोलून देई आणि दुकान बंद झाले की मला घेऊन मैदानावर जाई.

"काय गं, पळायला आलीस की बटाटे लावायला?" सोबतिणी चिडवत.

"आधी तुम्हाला गाडते, मग बटाटे," म्हणून ती खणू लागे.

ऑस्ट्रेलियाच्या संघातून ती बोटीने लंडनला गेली, तेव्हा मी तिच्या पेटीत मोज्यांत गुंडाळलेली होते. तिथली धावपट्टी काळी, ओली आणि चिवट. शंभर यार्डांत ती तिसरी आली. धापा टाकत मागे फिरली, दोन्ही खड्डे बुजवले, हात पुसले. मला मात्र पुसले नाही. "ही राख घरी न्यायची," ती मला म्हणाली. माझ्याशी बोलणारे माणूस तेवढे एकच.

पुढे ऑलिंपिकच्या संघात तिचे नाव आले. हॉरेसना आनंद आवरेना. त्यांनी मला राखेसकट दुकानाच्या दर्शनी काचेमागे ठेवले आणि शेजारी पुठ्ठा लावला: 'आमच्या एडनाने हिनेच लंडन खणले. अशी खुरपी आत मिळेल.'

एवढ्यावरून संघटनेने चौकशी मांडली. हौशी धावपटूने खेळातून कमाई करायची नाही, असा नियम होता; एडनाने खेळाच्या नावावर व्यापार केला, असा आरोप होता. मला टेबलावर ठेवले गेले. लोककथांत धन्यावर बालंट आले की त्याचे हत्यार बोलू लागते, धन्याच्या बाजूने साक्ष देते. इथे मला पुरावा म्हणून आणले होते आणि पुराव्याला तोंड नसते.

"मिस पॅस्को, दुकानाने तुम्हाला काय दिलं?" चिटणीसांनी विचारले.

"चहा. तोही गार."

"थट्टा करू नका."

हॉरेस उठले. "अहो साहेब, पुठ्ठा मी लावला. पोरीला विचारलंही नव्हतं. मला काय ती शिक्षा करा!"

"तुम्ही धावत नाही, मिस्टर लग."

एडनाचे नाव संघातून कापले गेले. जन्मभर बंदी. ज्या गृहस्थांनी हा निर्णय दिला, त्यांचे बोटीचे भाडे आणि जेवणखाण संघटनेच्याच पैशांतून होत असे. तो व्यापार ठरला नाही. एडनाने मला उचलायला हात पुढे केला, तेव्हा चिटणीस म्हणाले, "ती इथेच राहू द्या. दप्तरी जमा आहे." तिचा हात तसाच माघारी गेला. मला अजून राग आहे तो त्या क्षणाचा.

कित्येक वर्षे मी कपाटात पडून होते. अलीकडे संघटनेला इतिहासाचा उमाळा आला. मला घासूनपुसून इथे मांडले आणि खाली पाटी लावली: 'निर्मळ हौशी वृत्तीचे प्रतीक.' उद्घाटनाला एडनाला बोलावले होते. काठी टेकत ती आली आणि काचेला नाक लावून उभी राहिली.

"हिच्यावरची राख कुठाय?"

"साफ केली, आजी! पाहुणे यायचे म्हणून," नवे अध्यक्ष हसून म्हणाले. "बघा, कशी नव्यासारखी दिसतेय!"

"मग ही माझी नव्हे," ती म्हणाली. "माझी तुमच्याकडे जमा आहे. ती सापडली की कळवा."

ती निघून गेली. टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

तिने मला नाकारले, याचे मला दुःख नाही. तिचे म्हणणे खरे आहे. वाचकहो, कधी इथे आलात तर माझे कौतुक करू नका. अध्यक्षांना गाठा आणि राख कुठे टाकली ते विचारा. तिने आपला प्रत्येक खड्डा बुजवला होता. यांनी तिच्या वाटेत खणलेला उघडाच आहे, आणि त्यावर यांनी काच बसवली आहे.