बाजऱ्या तिचं ऐकायचा

फार्मच्या मागच्या कुंपणाकडे जेसीबी वळला तेव्हा संजना बाजऱ्याला खरारा करत होती. हातात रबरी मोजे, तोंडावर मास्क, अंगात पावसाळी कोट. पहिला रिपोर्ट आल्यापासून त्याच्याजवळ असंच जायचं, अशी डॉक्टरांची ताकीद होती. बाजऱ्याने एकदा त्या आवाजाकडे मान वळवली, मग पुन्हा चंदीत तोंड घातलं. मानेवरून खरारा फिरला की त्याची कातडी शहारायची. ती आजही शहारली.

तबेल्याच्या दाराशी बारकू उभा होता. त्याचं सगळं आयुष्य घोड्यांची देखभाल करण्यात गेलेलं. आजवर या फार्मवर जन्मलेलं प्रत्येक शिंगरू त्याच्याच हातात पडलं होतं.

"ताई, मी चाललो," तो म्हणाला. "मी नाय थांबू शकत."

"जा."

"तू पण चल. डाक्टर लोक बघतील काय ते."

तिने नकारार्थी मान हलवली. बारकू थोडा वेळ घुटमळला. मग त्याने टोपी काढून बाजऱ्याकडे पाहिलं, ती पुन्हा डोक्यावर ठेवली आणि सायकल काढून तो देवळाली कॅम्पच्या रस्त्याला लागला.

सुरुवात बाजऱ्याच्या नाकातून येणाऱ्या पिवळट स्रावाने झाली होती. सर्दी असेल, असं सगळ्यांना वाटलं. पण सरकारी डॉक्टर तेजल मॅडम यांनी त्याचं रक्त तपासायला हरयाणाच्या प्रयोगशाळेत पाठवलं आणि उत्तर आलं, ग्लँडर्स. फार्मचे मालक दीपकदादा यांचा विश्वास बसेना. पुन्हा रक्त पाठवलं. उत्तर बदललं नाही. हा रोग घोड्याकडून घोड्याला होतो, माणसालाही होतो. त्यावर घोड्याला औषध देण्याचीसुद्धा परवानगी नाही. कायद्यात एकच वाट आहे, आणि ती सांगताना मॅडमनी दीपकदादांकडे पाहिलं, संजनाकडे पाहणं टाळलं.

बाजरीच्या दाण्यासारखा राखाडी, म्हणून बाजऱ्या. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून तो आला तेव्हा कुणालाही कानाला हात लावू देत नसे. आधीच्या मालकाने कान पिळून पिळून त्याला वठणीवर आणायचा प्रयत्न केला असावा. त्यात फार्म तोफखान्याच्या सराव मैदानापासून जवळ. सराव सुरू झाला की दूरवरून धडाका यायचा, पत्रे थरथरायचे आणि बाजऱ्या भिंतीवर अंग आपटून घ्यायचा. छाती फोडून घ्यायचा. दीपकदादांनी त्याला परत धाडायचं ठरवलं होतं.

"मला थोडे दिवस द्या," संजना म्हणाली होती.

ती सरावाच्या वेळी त्याच्या कप्प्यात जाऊन उभी राहू लागली. दोरी नाही, काठी नाही. धडाका झाला की ती त्याला हाक मारायची आणि तो वळला की तळहातावर गुळाचा खडा धरायची. पहिले कितीतरी दिवस तो कोपऱ्यातच थरथरत राहिला. मग एकदा त्याने एक पाऊल टाकलं. दिवाळीच्या सुमारास असं झालं, की आवाज झाला आणि तिने हाक मारायच्या आधीच तो येऊन तिच्या खांद्याला नाक लावून उभा राहिला. पुढे गुळाचीही गरज उरली नाही. नंतर नंतर, पहिल्यांदा घोड्यावर बसणाऱ्या घाबरट मुलींना दीपकदादा बाजऱ्याच द्यायचे.

मॅडम आणि त्यांचे दोन मदतनीस पांढरे पोशाख चढवून तबेल्यात आले. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले, डोळ्यांवर चष्मे. बाजऱ्याने त्यांना पाहिलं आणि तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला. चंदीचं घमेलं कलंडलं. एका मदतनीसाने तोंडावरच्या मोरखीला हात घालायचा प्रयत्न केला, तेव्हा बाजऱ्याने इतक्या जोराने मान झटकली की तो माणूस दारावर जाऊन आदळला.

"ओठाला दोरी आवळून धरू, मॅडम," दुसरा म्हणाला. "मग येईल गपगुमान."

"नको," संजना म्हणाली. "मी आणते त्याला."

"तुम्हाला बघवणार नाही, ताई," मॅडम म्हणाल्या.

"ओढत नेलेलं त्याहून बघवणार नाही."

मॅडमनी दीपकदादांकडे पाहिलं. ते कुंपणाबाहेर पाठ करून उभे होते. शेवटी मॅडमनीच एक पोशाख तिच्या हातात दिला.

त्या पोशाखात बाजऱ्याने तिलाही ओळखलं नाही. कान मागे पाडून तो भिंतीला टेकला. ती दारातच थांबली.

"बाजऱ्या," ती म्हणाली. "अरे, मीच आहे."

एक कान वळला. मग दुसरा. त्याने मान खाली करून तिच्या पोटापासून चष्म्यापर्यंत वास घेतला. वास सगळा प्लॅस्टिकचा असणार. तरी तो शांत झाला. तिने मोरखीला दोरी लावली आणि मागे न बघता चालू लागली. मागून टापांचा आवाज येत राहिला.

लसूणघासाच्या वाफ्यांपलीकडे जेसीबीने खणलेला खड्डा होता. कडेला उकरलेल्या मातीचा ढीग आणि चुन्याची पोती. ताज्या मातीचा वास आला तसा बाजऱ्या थांबला. पुढचे पाय ताठ रोवून त्याने फुरफुर केली.

संजना दोरीच्या दुसऱ्या टोकाला, खड्ड्याच्या कडेशी उभी होती. दोरी मध्ये लोंबत होती. तिने ती ओढली नाही. हाकही मारली नाही.

"ताई?" मॅडम म्हणाल्या.

संजनाने दोरी आणखी सैल सोडली. बाजऱ्या मान उंच करून तिच्याकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे. तो आता वळला असता, उधळला असता, तर तिच्या हातून दोरी सहज सुटली असती. तिची बोटं जवळजवळ उघडीच होती.

तेवढ्यात मैदानाच्या बाजूने तोफेचा धडाका आला. मॅडम दचकल्या. एका मदतनीसाच्या हातातलं सामान खाली पडलं.

बाजऱ्याने फक्त कान हलवले. मग ताठ रोवलेले पाय उचलून, मातीच्या ढिगाला वळसा घालून तो सरळ तिच्याकडे आला आणि तिच्या खांद्याला नाक लावून उभा राहिला.

मॅडमनी गुंगीचं इंजेक्शन दिलं तेव्हाही तो तसाच उभा होता. त्याची मान जड होत गेली. तिने ती दोन्ही हातांनी पेलली, पेलवेनाशी झाली तेव्हा तीही त्याच्याबरोबर गुडघ्यांवर आली. दुसरं इंजेक्शन द्यायच्या वेळी मॅडमनी तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती हलली नाही. मॅडमनी पुन्हा सांगितलं नाही.

नंतर बाजऱ्याची मोरखी, झूल, खरारा, घमेलं, सगळं त्याच्याबरोबर खड्ड्यात गेलं. तिचा पोशाखही जाळला. औषधाच्या पाण्याने आंघोळ करायला लावून मॅडमनी तिचं रक्त काढून घेतलं. बाकीच्या घोड्यांचंही घेतलं. दीपकदादा गाडीने घरी सोडतो म्हणाले. ती चालत निघाली.

कॅम्पात घराशी पोचेपर्यंत चार वाजून गेले. तिचे वडील पुंजाजी बेकरीत भट्टीवर काम करायचे. या वेळी ते कधी घरी नसत. आज ते ओट्याच्या पायरीशी बसले होते. घराचं दार ओढून घेतलेलं. समोर वाफाळत्या पाण्याची बादली, तांब्या, आणि एका ताटलीत कडुनिंबाचा पाला.

माणसाला पोचवून परत येणाऱ्यांसाठी ठेवतात तसं.

संजना फाटकातच थांबली. मुलीने घोड्यांची लीद काढावी हे त्यांना कधी पटलं नव्हतं. नर्सिंगचा कोर्स अर्धा टाकून ती फार्मवर गेली, त्या दिवसापासून त्यांनी तिथलं एक अक्षर विचारलं नव्हतं. सकाळी निघताना तीही काही बोलली नव्हती.

"बारकू बेकरीवर आला होता," ते म्हणाले. "ये. हात पुढं कर."

तिने हात पुढे केले. ते तांब्याने पाणी घालू लागले. ती हात चोळत राहिली. मनगटं, कोपर, पुन्हा बोटं.

"शांत गेला का?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "मी ओढलं नाही, पप्पा. तो आपणहून आला."

पुंजाजींचा तांब्या थांबला. मग त्यांनी तो पुन्हा भरला. तिचे हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी ती चोळत होती आणि ते पाणी घालत होते. बादली रिकामी झाली तेव्हा ते उठले आणि दुसरी भरायला आत गेले.