पहिल्या रांगेतल्या टाळ्या

“अंकल, आपकी बोट मैं चलाऊँ?”

विचारलं बाई एकदाचं! इराने हातातल्या फोनवर रेकॉर्डिंग चालू आहे ना, ते चोरून पाहिलं. गेस्ट हाउसच्या मालकाला हे विचारायची तिची छाती होणार नाही, अशी वर्गातल्या अजरा आणि अस्मीने पैज लावली होती. मागच्या वर्षीची इरा असती तर झालीच नसती. ती वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. आताची इरा मात्र याच मंगळवारी हाउस कॅप्टन म्हणून निवडून आली होती, दुबईतल्या आपल्या अख्ख्या शाळेसमोर माइकवर भाषण ठोकून, नबिलाला बावीस मतांनी हरवून! निळा बिल्ला ती फुजैराकडच्या या मच्छीमारांच्या गावातही टी-शर्टला लावून मिरवत होती.

खरं तर सुट्टी व्हिएतनामची ठरली होती. तिथलं कोळ्यांचं गाव, टोपलीसारख्या गोल होड्या, सगळं आईने हौसेने फोनवर दाखवलं होतं. मग एके दिवशी बाबा म्हणाले, “व्हिएतनाम खलास! दोन तासांवर आपल्याकडेही कोळ्यांचं गाव आहेच की.”

म्हातारे यहया अंकल माशांसाठीचा तारेचा पिंजरा दुरुस्त करत बसले होते. ते मनापासून हसले. “चलाओ, बेटी! कल सुबह. हमेशा के लिए इंडिया जा रहे हो ना तुम लोग? इसीलिए तो समंदरवाला कमरा दिया.”

“हम नहीं, अंकल. कोई और फॅमिली होगी.”

“और फॅमिली कहाँ है? तुम्हारे बाबा ने ही बताया. कार्ड माँगा तो पासपोर्ट दिया. बोले, नौकरी गई, वीज़ा कॅन्सल.”

इराला कालचं आठवलं. खोली घेताना तिने विचारलं होतं, आपण ओळखपत्र म्हणून एमिरेट्स आयडी का नाही दिली? आई पटकन म्हणाली होती, रिन्यूअलला गेलीये गं.

फोन थरथरला. अस्मीचा मेसेज: ‘विचारलंस?’ इराने फोन खिशात कोंबला आणि तडक व्हरांड्यात गेली. आई-बाबा चहा घेत होते.

“बाबा, आपण कधी जातोय?”

“उद्या जेवून निघू की.”

“दुबईला नाही. इंडियाला.”

आईची खारी चहात पडली. बाबा एकदम ताठ बसले. “कोण म्हणालं?”

“यहया अंकल.”

“तू बोललीस त्यांच्याशी? अगं, तू तर परक्या माणसाशी चकार शब्द काढत नाहीस!”

म्हणजे बाबा तिच्या मुखदुर्बळपणावर विसंबले होते! इराला हे जास्तच झोंबलं. “कधीपासून माहितीये?”

“तीन आठवडे झाले,” आई हळूच म्हणाली. “बाबांना दुसरी नोकरी मिळेल, इन्शाल्ला, असं वाटत होतं. मग तुझं इलेक्शन आलं. इतकी खूश होतीस...”

“आणि शाळेचा दाखला?”

बाबांनी कप खाली ठेवला. “सोमवारी अर्ज दिला,” ते म्हणाले.

“सोमवारी? आणि मंगळवारी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात? ‘वर्षभर मी तुमच्यासोबत उभी राहीन’ असं म्हणाले मी सगळ्यांना. आई, ते वाक्य तूच घोकून घेतलंस ना माझ्याकडून? यू लेट मी लाय!”

“इरा, तुझा आनंद मोडवेना गं.”

“माझा आनंद? मी खोटी पडले, आई! ज्यांनी मत दिलं त्यांना काय वाटेल?”

बाबांनी तिचा हात धरायला हात पुढे केला. ती मागे सरकली. डोळे भरून आले होते, पण आवाज मात्र माइकवरचाच, खणखणीत.

“येत्या सोमवारी असेंब्लीत मी माइक मागणार आहे. जे खरं आहे ते सगळ्यांना मीच सांगणार आणि हा बिल्ला नबिलाला देणार. तुम्ही दोघांनी यायचं. पहिल्या रांगेतच बसायचं. आणि या वेळी टाळ्या वाजवायच्या नाहीत.”