खोडलेला काना

उल्हासनगरातल्या एका सभागृहात नव्या नोटरींचा प्रशिक्षण वर्ग भरला होता. मंचावर समई तेवत होती आणि लाल वस्त्रावर अठ्ठावीस नवे कोरे शिक्के हळदकुंकू लावून ओळीने मांडले होते. ही हौस जयदेव भोपी सरांची. पंचवीस वर्षं नोटरी असलेला माणूस, इकडच्या निम्म्या वकिलांचा गुरू. "शिक्का हे आपलं दैवत," सर हात जोडून म्हणाले. "देव्हाऱ्यात जपतो तसं जपायचं."

शलाकानेही हात जोडले. ती बदलापूरची. वकिलीला बारा वर्षं झाली होती, त्यातली पहिली तीन तिने सरांच्याच ऑफिसात काढली होती. हात जोडले खरे, पण मन थाऱ्यावर नव्हतं. महिनाभर तिला एकाच प्रकरणाचा राग पुरून उरला होता.

वांगणीजवळच्या एका पाड्यावरची मोतीबाई तिची अशील. सत्तरीची, एकटी. पुतण्याने तिचं राहतं घर बिल्डरला देऊन टाकलं आणि तिला वकिलाची नोटीस धाडली, घर खाली करा. नऊ वर्षांपूर्वी आपण उल्हासनगर येथे नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून घरावरचा हक्क सोडला आहे, नोंद क्रमांक ४१७. म्हातारीने नोटीस वाचून घेतली आणि कपाळावर हात मारला. "मी उल्लासनगर डोल्यांनी बगलं नाय गं! माजा आंगठा काय एकलाच चालत गेला तिकडं?"

शलाकाने कोर्टात दावा लावला, पण कागदाची नक्कल मागून मागून ती थकली, समोरचा वकील दाद देईना. ती मोतीबाईला म्हणाली होती, "मावशी, अशा कागदावर एका वकिलाने लिहून दिलेलं असतं, की या बाईला मी ओळखतो. तो कोण ते कळू दे फक्त. कोर्टात उभा सोलते त्याला."

"सोल," मोतीबाई म्हणाली होती. "मी मीठ घेऊन येते."

वर्ग सुरू झाला. सरांचा आवाज कीर्तनकारासारखा, गोड आणि भारदस्त. "आपला सगळा कायदा एका शब्दात आहे. समक्ष! माणूस समोर पाहिजे. त्याची ओळख पटली पाहिजे. मग सही, मग नोंद, मग शिक्का. क्रम चुकला की पाप."

शलाकाच्या शेजारी अंबरनाथ पूर्वेची किर्ती बसली होती. ती भराभर लिहून घेत होती. शलाकाचं पेन मात्र थांबलं. तिला सरांचं ऑफिस आठवलं. टेबलावर कागदांची चळत, आणि सर मोबाईल कानाला लावून म्हणायचे, "ओळखीच्या सह्या मार गं पटापट, पार्टी खाली गाडीत बसलीय." गाडीत कोण बसलंय, हे पाहायला ती तीन वर्षांत एकदाही जिना उतरली नव्हती.

सरांनी सगळ्यांना एकेक झेरॉक्स वाटली. "हा नमुना. माझ्या जुन्या फायलीतला आहे. नावं आणि सह्या काळ्या केल्यात, बाकी जसाच्या तसा. यात एक चूक काढून दाखवा, मी वकिली सोडतो! आणि खाली ओळखीचा रबरी शिक्का बघा. 'सही करणाऱ्यास मी व्यक्तिशः ओळखतो.' माझी ज्युनिअर मुलगी होती. तिने पेनाने 'तो'चा काना खोडला आणि 'ओळखते' केलं. बारीक नजर म्हणतात ती याला!"

सभागृहात कौतुकाचं हसू पसरलं. किर्ती कुजबुजली, "भारीच होती गं."

काना शलाकाच खोडायची, दर वेळी, न चुकता. शाळेत व्याकरणात पहिली यायची ती. तिने कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पाहिलं. नोंद क्रमांक ४१७. तारीखही नोटिशीतलीच. मधोमध शाईचा एक डावा अंगठा, कुणाचा देव जाणे.

म्हणजे महिनाभर ज्याला ती शिव्याशाप देत होती, तो तो नव्हताच. एका बाईचं छप्पर जात होतं, आणि हिने बाईचं तोंड पाहिलं नव्हतं, नाव वाचलं नव्हतं. स्वतःला कुणी पुरुष समजू नये एवढीच काळजी घेतली होती! संताप टाळूपर्यंत चढला. सरांवर की स्वतःवर, हे निवडत बसायला तिला वेळ नव्हता. ती उभी राहिली.

"सर, चूक सापडली."

"अरे वा! आमचीच विद्यार्थिनी. बोल."

"ही बाई समोर आलीच नव्हती."

हसू जागच्या जागी विरलं. सरांनी चष्मा काढला. "कागदावरून कसं कळलं तुला?"

"काना मी खोडलाय. मी या बाईला ओळखत नव्हते. गेल्या महिन्यात पहिल्यांदा पाहिलं तिला, घर जायला लागलं म्हणून रडत आली होती."

"शलाका, खाली बस. चहाला बोलू."

"इथेच बोलू. चारशे सतराची नोंदवही दाखवा. वहीतला अंगठा आणि त्या बाईचा अंगठा ताडून बघू."

"जुन्या वह्या पावसात गेल्या गं."

"वही भिजली आणि हा कागद कोरडा राहिला?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं. सर मंचावरून उतरून तिच्याजवळ आले. आवाज अजून गोडच होता. "बाळा, मी बुडालो तर पिकलं पान आहे. तू अडकशील. सनद जाईल, हा नवा शिक्का जाईल. कुणासाठी? एका अडाणी बाईसाठी?"

"तिच्याच अडाणीपणावर आपलं दुकान चाललं सर. आणि अंगठ्याची शाई पुसून झाली की आपण शिक्क्याला कुंकू लावतो."

तिने ती झेरॉक्स घडी घालून पर्समध्ये ठेवली. सरांनी हात पुढे केला. तेवढ्यात किर्ती मध्ये उभी राहिली. आपली झेरॉक्स छातीशी धरून म्हणाली, "सर, अठ्ठावीस वाटल्यात तुम्ही. किती गोळा करणार?"

दुपारी शलाका वांगणीला उतरली. पाड्यापर्यंत रिक्षा न करता चालत गेली. वाक्यं जुळवायला तेवढा वेळ लागलाच. मोतीबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. शलाकाला पाहून तिचा चेहरा उजळला.

"गावला का मेला?"

"गावला मावशी. मीच ती."

शलाकाने सगळं सांगितलं, उभ्यानेच. जिना, गाडी, सह्या, काही झाकलं नाही. मोतीबाईचे हात सुपात तसेच राहिले. मग ती उठली, सूप आत ठेवून आली आणि दाराच्या चौकटीत उभी राहिली.

"मना बगितलं बी नवतं?"

"नाही."

"आन् लिवलंस का वलखते."

"हो."

"माजा नवरा गेला ना, तवा या घरातली एक वीट मी हलू दिली नाय. आन् तू पेनाच्या एका रेघंनं..." तिने चौकटीवर हात आपटला. "रांडंचे, शिकून हेच केलंस?"

शलाकाने मान खाली घातली नाही. ऐकून घ्यायचं हे ती ठरवूनच आली होती. "मावशी, आता मला तुमची वकील राहता येणार नाही. अंबरनाथची किर्ती मॅडम केस बघेल. मी साक्षीला उभी राहीन. जे आता सांगितलं तेच शपथेवर सांगेन."

"मंग तुजी वकिली?"

"राहील की जाईल, ठाऊक नाही."

मोतीबाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. अशी, की पुन्हा कुठे दिसली तर हजारात ओळखावी. पाणी विचारलं नाही. आत ये म्हटलं नाही.

"तारीख कंदी हाय?"

"अठरा तारखेला. सकाळी अकराला."

"तिथं ये," मोतीबाई म्हणाली. "तिथं बोललीस, तर मंग हितं ये." आणि तिने दार लावून घेतलं.