कच्चा दोरा

परक्या सरकारच्या पलटणीचे बूट मोच्यांच्या गल्लीत शिवले जात. जिल्हा पेटला, गल्लीतली तरणी माणसं डोंगरात गेली, तेव्हा मागे राहिलेल्यांनी ठरवलं: यापुढे तळ शिवायचे ते मेण न लावलेल्या कच्च्या दोऱ्याने. नदी ओलांडताना दोरा भिजला की खडीवर तळ सुटणार. मोच्यांच्या हाती बंदूक कोण देणार? हातात होतं त्यानेच ते लढले. म्हाताऱ्या मोच्यानेही सगळ्यांदेखत मान डोलावली होती.

आणि झालं तसंच. पलटण घाटात अनवाणी लंगडत बसली. पण मूठभर शिपायांचे बूट टिकले. ते वर पोचले आणि त्यांनी खिंड राखणाऱ्यांना गोळ्या घातल्या. त्यांत म्हाताऱ्याचा जावई होता. लेकीला नवऱ्याचं तोंडही बघायला मिळालं नाही.

मग हवालदार आला. बुटांच्या टाचांवर ज्या-त्या मोच्याचा ठसा असे; ते ठसे बघून त्याने बाकीच्या मोच्यांना बेड्या घातल्या आणि म्हाताऱ्यापुढे चामड्याचा ढीग टाकला.

"तुझेच बूट तेवढे टिकले," त्याची पाठ थोपटत तो म्हणाला. "आता सगळे तूच शिवायचे. डोंगरात उरलेल्यांनाही गाठायचंय."

तो गेला आणि लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, तुम्ही पक्का दोरा घातलात?"

"जन्मात कच्चा टाका घातला नाही गं मी. बसलो होतो घालायला, पण हातच वळेना. म्हटलं, माझ्या चार जोडांनी काय होतंय!"

"काय होतंय? माझा नवरा मेला!"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला त्या पाण्याचीही चीड आली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण दांड्याला निदान अक्कल नसते. याला होती, आणि वर कारागिरीचा तोरा! जळो ती कारागिरी. डोंगरात अजून तिचा धाकटा दीर होता.

"आता तरी कच्चा घालाल?"

म्हातारा आपल्या हातांकडे बघत राहिला. "सांगता येत नाही, बाळ."

"मग उठा."

दंडाला धरून तिने बापाला उठवलं, त्याच्या जागी बसली आणि आरी हातात घेतली. कोरडा दोरा ओवून ती भराभर टाके घालू लागली.

"अगं, तळ सुटले की ते थेट इथेच येतील," म्हातारा म्हणाला. "तुला फासावर चढवतील."

"येऊ देत," मान वर न करता ती म्हणाली. "अनवाणी येतील."