खांड्याची लग्ने

वैशाखातल्या दुपारी वनमालाबाईसाहेब शस्त्रांच्या खोलीत बसून खांड्याला तेल लावीत होत्या. हे काम नोकराचे नव्हे, घरातल्या थोरल्या बाईचे, असा त्या सरदार घराण्याचा दंडक होता, आणि वैधव्य आल्यावरही तेवढे एक काम त्यांच्याकडून कोणी काढून घेतले नव्हते. फूलबागेपलीकडच्या त्या बंगल्यातले घोडे केव्हाच विकले गेले होते, पागेत आता मोटारी दुरुस्त होत. ग्वाल्हेरचे राज्य मध्यभारतात विलीन झाले, पाठोपाठ जहागीर गेली, आणि आता मध्यभारतही फार दिवस राहायचा नाही अशी वदंता होती. एवढे सगळे गेले, खांडा राहिला.

त्या खांड्याशीच वनमालाबाईंचे लग्न झाले होते. आपल्याहून उणे मानलेल्या घरातली मुलगी करायची, तर सरदाराने मांडवात स्वतः जायचे नाही, आपला खांडा पाठवायचा. पाटावर खांडा, त्याच्यापुढे अंतरपाट, माळही त्यालाच. बारा वर्षांच्या वनमालेने ती घातली. पुढे तिला मुलगा झाला, आणि थोरल्या पत्नीला मूल नसल्याने तोच, विश्वासराव, घराण्याचा वारस ठरला.

भिंतीपलीकडे कोणीतरी ताट ठेवले. वनमालाबाईंचा हात थांबला.

पलीकडची खोली कित्येक वर्षे बंद होती. तिथे त्यांची धाकटी सवत शांता राहत असे. तिचेही लग्न याच खांड्याशी लागले, आणि तो पालखीत ठेवला होता वनमालाबाईंनी, रीतीप्रमाणे, स्वतःच्या हाताने. सरदारसाहेब तेव्हा शिवपुरीच्या जंगलात शिकारीत रमलेले. आज येतील, उद्या येतील, अशी वाट पाहण्यात वर्षे गेली. नवऱ्याआधी बायकोने जेवू नये, असे कोणा दासीने शांतेच्या मनात भरवले होते. ती ताट वाढून खांड्यापुढे ठेवी. बळेच खाऊ घालायला गेले की म्हणे, ‘अगोदर त्यांना होऊ दे, ताई.’ नवऱ्याचे तोंड न पाहताच ती पोर झिजून गेली. तेव्हापासून दुपारी घर निजले की ताट वाजे. उपाध्यायांनी शांती केली, डॉक्टरांनी कान तपासले. ताट वाजायचे ते वाजतच राहिले.

विश्वासराव आत आले ते उभ्या उभ्याच बोलले. त्यांची पत्नी पद्मा, तिला तीनही मुलीच. तेव्हा दाना ओली या गल्लीतल्या कान्होजीची मुलगी दुर्गा दुसरी करायचे ठरले होते. कान्होजी संस्थानच्या रिसाल्यातला शिलेदार. रिसाला मोडल्यापासून तो सराफ्यात एका पेढीच्या दाराशी बंदूक घेऊन बसे. मोठे घर चालून आल्याने तो हरखून गेला होता. घाई अशासाठी, की पहिली पत्नी असताना दुसरी करू न देणारा कायदा उंबऱ्यापर्यंत आला होता.

“आणि कोणी विचारलंच, तर मी कुठे मांडवात होतो?” विश्वासराव हसून म्हणाले. “लग्न खांड्याशी लागलं. खांड्याला कायदा लागत नाही, आईसाहेब.”

ते गेल्यावर वनमालाबाईंनी पद्माला विचारले, तुझे काय म्हणणे? पद्मा पदराचे टोक पिळू लागली. म्हणाली, “मी बोलले तर माझ्या तिघींना उजवणार कोण?”

लग्नाच्या सकाळी वनमालाबाईही निघाल्या. विधवेने मांडवात यावे याचे बायकांना नवल वाटले, पण सरदारीणबाईंना सांगणार कोण? खांडा आत गेला, आणि नवरदेव ओलीच्या तोंडाशी मोटारीत पडदे सोडून बसले, लग्नाला हजर नसल्याचे सिद्ध करण्यासाठी.

आत दुर्गा हळद लावून बसली होती. मैत्रीण कानाशी लागली, “अगं, नवरदेव म्यानात आहे. बाहर आला की खैर नाही.” दोघी तोंड दाबून हसल्या. मग दुर्गेने वनमालाबाईंकडे पाहिले आणि हसू विरून गेले. “बाईसाहेब, ते नंतर तरी येणार ना? की इसी के साथ रहना है?”

उपाध्यायांनी अंतरपाट धरला, तेव्हा वनमालाबाई पुढे झाल्या आणि पाटावरचा खांडा उचलून त्यांनी मांडीवर घेतला. गलका ऐकून विश्वासराव मोटारीतून धावत आले.

“बरं झालं आलात,” त्या म्हणाल्या. “हा कोण, ते आता पंचांसमोर ठरवा. हा तुमच्या जागी आलेला असेल, तर पद्मा जिवंत असताना तुम्ही दुसरी करता आहात; तसं उघड बोला. आणि तुम्ही नव्हे, खांडाच नवरा असेल, तर याच्याशी माझं लग्न आधीच लागलंय. शांतेचंही लागलं होतं. मुलगा आईच्या नवऱ्याचं लग्न लावायला निघालाय. दोन्हींतलं एक काहीतरी खरं असेल ना?”

उपाध्यायांनी अंतरपाटाची घडी घातली.

“आईसाहेब,” विश्वासरावांचा आवाज खाली आला, “हे खोटं ठरलं, तर आपण कोण? मी कोण?”

“तुम्ही माझे चिरंजीव. मी कोणाची कोण, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.”

कान्होजी कपाळाला हात लावून खाली बसला. “बाईसाहेब, हळद लागलेली पोरगी घेऊन मी जाऊ कुठे? दुनिया काय म्हणेल, थोडा विचार करा.”

उत्तर दुर्गेने दिले. तिने मुंडावळ्या सोडून बापाच्या हातात ठेवल्या. “बाबा, लावायचं तर माणसाशी लावा. नाहीतर राहू दे.”

“निदान खांडा तरी परत द्या,” विश्वासराव म्हणाले.

“नाही. याची उरलेली शेवटची बायको मी.”

मोटार आईला न घेताच गेली. वनमालाबाईंनी दाना ओलीतच एक खोली घेतली. बंगल्याचे दार त्यांना पुन्हा उघडले नाही, आणि पद्माने एकदा लुगड्यांचे गाठोडे पाठवले, त्यापलीकडे तिथून निरोप आला नाही. हुंड्यापायी सासऱ्याने मोडलेला मांडव गावाने पुष्कळदा पचवला आहे. एका विधवेने मोडलेल्या या मांडवाचा बोभाटा मात्र सराफ्यापर्यंत झाला. म्हातारीने असे का केले, हे ज्याने त्याने विचारले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला लोखंडाच्या पात्याशी बांधायला एवढी शहाणी माणसे अक्षता घेऊन का उभी होती, हे त्या वऱ्हाडातल्या एकानेही अजून स्वतःला विचारलेले नाही.