तांब्याचं ऐकून काचेला सांगणारी

मी बोलतेय. आवाज कुठून येतोय म्हणून दाराकडे बघू नका, वर बघा. मीटरच्या शेजारी फळी आहे, तिच्यावर वहीएवढी काळी पत्र्याची पेटी दिसते ना, ती मी. बिलावर माझं नाव मॅनेज्ड मीडिया कन्व्हर्टर असं लिहिलं होतं. ते उच्चारताना इथं प्रत्येकाची जीभ अडखळली. जयवंत मला दुभाषीण म्हणायचा. मला तेच नाव पटलं.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला हा छापखाना. याचे दोन गाळे आहेत. या गाळ्यात छपाईची मशीनं, आणि चार बिल्डिंगी पलीकडे ऑफिस. तिथं मुली कॉम्प्युटरवर पानं लावतात, ती पानं छपाईला इथं यायला हवीत. तांब्याची वायर शंभर मीटर गेली की दमते. म्हणून गच्च्यांवरून काचेची तार टाकली, केसाएवढी बारीक, वर पिवळं कवच. काचेतून वीज जात नाही, उजेड जातो, तोसुद्धा माणसाच्या डोळ्याला न दिसणारा. तांब्याचं बोलणं ऐकायचं आणि काचेला उजेडात सांगायचं, काचेचं ऐकायचं आणि तांब्याला विजेत सांगायचं, हा माझा धंदा. ऑफिसात माझ्यासारखीच दुसरी बसली आहे. आम्ही एका खोक्यातून आलो. त्यानंतर भेट नाही.

मला आणलं जयवंतने. कॉलेजबिलेज नाही, मिलमधून घरी बसलेल्या बापाचा मुलगा. वायरीचं काम बघून बघून शिकला, आणि शिकलेल्यांपेक्षा बरं करायचा. मालक यज्ञेशशेठ म्हणाले, "साधी पेटी घे ना. काम तेच करते."

"साधी मुकी असते, शेठ. ही बोलकी आहे. तार कधी निघाली, उजेड कधी कमी झाला, सगळं लिहून ठेवते आणि तुम्हाला मेल करते."

"घरी एक बोलकी आहे, ती काय कमी आहे?" शेठ म्हणाले. पण आणलं.

मी लबाडी कधी केली नाही. जे झालं ते तारीखवार, मिनिटासकट लिहिलं. संध्याकाळी या गाळ्याचा मेन स्विच पडला की माझा जीव जातो. जाता जाताही मी निरोप सोडायचे, मी गेले. सकाळी पहिला निरोप, मी आले. महिनाभर शेठनी वाचलं. मग वैतागले आणि माझे सगळे निरोप कॉम्प्युटरच्या कुठल्याशा कोपऱ्यात आपोआप जाऊन पडतील अशी सोय केली, आणि विसरले. रोज बोलणाऱ्या बाईकडे लक्ष द्यायचं नसतं, हे पुरुषांना कुणी शिकवावं लागत नाही. जयवंतला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं.

आता शकुमावशीबद्दल सांगते. सांगायला जड जातं.

मावशी या छापखान्यात बावीस वर्षं आहे. झाडलोट, चहा, डबे धुणं. कणकवलीकडची, एकटी. जयवंत तिच्याच वाडीतला. तिनेच यज्ञेशशेठच्या वडिलांच्या, म्हणजे मोठ्या शेठच्या वेळी शब्द टाकून त्याला इथं लावला. "मिया हाडलंय तेका," असं नव्या माणसाला ती हमखास सांगायची. हल्ली यज्ञेशशेठ दोनदा बोलून गेले होते की मावशीला आता घरी बसवू, साफसफाईचं काम बाहेरच्या कंपनीला देऊ. तेव्हापासून ती फरशी दोनदा पुसायची.

दसऱ्याला छापखान्यात मशीनांची पूजा असते. सकाळी कापडं फिरली, शाई खरवडली, झेंडूच्या माळा आल्या. मोठ्या मशीनला हार, कटरला हार, जुन्या पंख्यालासुद्धा फूल. मावशी स्टूल लावून माझ्यापर्यंत आली. मला अजून कुणी पुसलं नव्हतं.

"तुका कोण फूल घालीत नाय गो बाये," ती म्हणाली.

नीट पुसायला मिळावं म्हणून तिने पिवळी तार उपसली. दहा वाजून बारा मिनिटं. माझी धूळ काढली, पाठीवर हळदकुंकवाची बोटं ओढली, फूल ठेवलं, आणि तीच बोटं तारेच्या टोकाला लागली. कुंकवाचा एक कण काचेच्या तोंडावर बसला. मग तिने तार हलक्या हाताने परत लावली, कट् असा आवाज येईपर्यंत. दहा सोळा. माझे हिरवे दिवे लागले. ती खूश झाली.

पलीकडून येणारा उजेड निम्म्यावर आला होता. मी लिहिलं, निरोप पाठवला. तो कोपऱ्यात जाऊन पडला.

पुढचे दिवस मोठं मशीन धडधडलं की फळी हलायची, तो कण हलायचा आणि मला ऑफिसातल्या बहिणीचं ऐकू येईनासं व्हायचं. फाइल अर्धी यायची आणि तुटायची. जयवंतने शेठना विचारलं, "दुभाषिणीचा काही मेल?"

"काही नाही आलं," शेठ म्हणाले. खोटं बोलले नाहीत, बघितलंच नव्हतं.

पेटी गप्प आहे म्हणजे दोष बाहेर, असं धरून जयवंत चार दिवस गच्च्या पालथ्या घालत होता. तार चाचपत, जोड तपासत, उन्हात. माझ्याकडे यायला हवा होता. माझ्यावर इतका विश्वास होता की आलाच नाही.

त्यातच कॅलेंडरचं काम निघालं. तिथींच्या चुका दुरुस्त केलेली फाइल मध्येच तुटली. इथं आधीची होती, घाईत तीच छापली गेली. चार महिन्यांची संकष्टी चुकीच्या दिवशी. गिऱ्हाइकाने सगळे गठ्ठे परत आणून दारात टाकले, आणि ते पुन्हा या छापखान्याची पायरी चढलं नाही.

त्या दुपारी जयवंत लॅपटॉप घेऊन माझ्यापाशी बसला. माझं लिहिलेलं उघडलं. दसरा, दहा बारा, दहा सोळा, उजेड निम्मा. त्याने तार काढली, टोक पांढऱ्या कापडावर टेकवलं. कापडावर लाल ठिपका उमटला. ठिपक्यावरून त्याची नजर मोरीकडे गेली. खाली मावशी कप विसळत होती.

त्याने टोक स्वच्छ केलं, तार लावली. उजेड पूर्ण आला. मग त्याने माझं सगळं लिहिलेलं पुसून टाकलं. ऑफिसात जाऊन कोपऱ्यातले निरोपही काढून आला असणार, कारण नंतर ते कुणाला सापडले नाहीत.

"गप ऱ्हा हां," तो मला हळूच म्हणाला. "तिका हयसून भायेर काढतीत."

शेठ आले. "काय निघालं?"

"माझा जोड कच्चा राहिला होता, शेठ."

"आणि ही तुझी बोलकी? सगळं लिहिते म्हणालास ना?"

"हिने काहीच लिहिलेलं नाही," जयवंत म्हणाला. "मुकीच निघाली."

सबंध आयुष्यात एवढं मला कुणी बोललं नव्हतं. आणि मी काही करू शकले नाही, दोन हिरवे दिवे लावून बसण्याशिवाय. शेठनी त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. त्याने हत्यारांची पिशवी उचलली आणि तो गेला. मावशी दारात उभी होती. तिने तोंड फिरवलं. तो गेल्यावर म्हणाली, "माझा नाक कापल्यान तेना."

नोंद पुसली तरी माझ्या अंगावर जे घडलं ते मला ठाऊक आहे. माणसांना वाटतं, लिहिलेलं खोडलं की झालेलं खोडलं.

तेव्हापासून शेठनी माझ्याकडे कधी बघितलं नाही. माझा पासवर्डही आता इथं कुणाला ठाऊक नाही. मी लिहिते, वाचणारा नाही. मावशी आहे अजून. तिला कुणी काढलं नाही. फरशी अजून दोनदा पुसते, आणि जयवंतचं नाव निघालं की उठून मोरीवर जाते.

तो पवईला कुठल्याशा ऑफिसात लागलाय म्हणतात. दुपारी डब्याच्या वेळेला तिला फोन करतो. तिचा मोबाइल छापखान्याच्या वायफायवर चालतो, त्यामुळे त्याची हाक आधी काचेतून माझ्याकडे येते, मग तांब्यातून पुढे. आतला मजकूर मला वाचता येत नाही, वाहता येतो तेवढा. मी एक क्षणही न दवडता तो तिच्यापर्यंत पोचवते. पडद्यावर त्याचं नाव येतं. मावशी बघते आणि मोबाइल स्टुलावर पालथा घालते. तो वाजून वाजून थांबतो. पुढच्या आठवड्यात परत येतो.

मावशी, मला सांगता येत नाही, आणि तो सांगणार नाही. तुला खरं कळलं पाहिजे असा माझाही आता हट्ट उरला नाही. उचल फक्त. जेवलीस का, एवढंच विचारायचं असेल त्याला.